पायांना लागलेला चकवा

फरशीवर निळ्या कागदी पट्टीचे सोळा तुकडे चिकटवलेले होते. एकेक तुकडा माझ्या एकेका पावलाचा. डोक्यावरचा हेडसेट काढून मी मागे वळून पाहिलं, तेव्हा ते तुकडे एका रेषेत दिसायला हवे होते. मी एका लांब बोळातून नाकासमोर चालत आले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात ती रांग दारापाशी सुरू होऊन विळ्याच्या पात्यासारखी डावीकडे वळत गेली होती. मी खिडकीकडे तोंड करून उभी असायला हवी होते. समोर होतं पुस्तकांचं कपाट, आणि खिडकी उजव्या खांद्याच्या बाजूला गेली होती.

माझी एक मैत्रीण व्हीआरवर, म्हणजे हेडसेटमधून डोळ्यांसमोर उभ्या केलेल्या आभासी जगावर, काम करते, तिने हा प्रयोग माझ्यावर करून दाखवला. मी चालत असताना ती मागून वाकून माझ्या प्रत्येक पावलापाशी पट्टी चिकटवत होती. दहाएक मीटर चालण्यात तिने मला जवळजवळ 57 अंश वळवलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. युक्ती ऐकायला सोपी आहे. हेडसेटमध्ये दिसणारा बोळ संगणक अगदी हळूहळू डावीकडे फिरवत होता. बोळाचं टोक नाकासमोर ठेवण्यासाठी माझं शरीर आपोआप तेवढंच डावीकडे वळत गेलं. दृश्यातला बोळ सरळच होता, म्हणून मी सरळच चालत होते, निदान माझ्या लेखी.

या तंत्राला ‘रिडायरेक्टेड वॉकिंग’ म्हणतात. आपण त्याला वळवलेली चाल म्हणू. त्यातलं तंत्रज्ञान मला फार मोठं वाटत नाही. मला त्यात खरं कुतूहल आहे ते माणसाचं. स्वतःच्या दोन पायांवर चालणाऱ्या, शुद्धीत असलेल्या माणसाला आपण कुठे वळतोय हे कळत कसं नाही? आणि किती वळवलं की कळतं?

कोकणातल्या माणसाला पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लहानपणीच ऐकून माहीत असतं. आमचे आजोबा बाजारातून रात्री उशिरा रानातल्या वाटेने घरी यायचे. एकदा ते निघाले, चालत राहिले आणि त्याच फणसापाशी परत आले. पुन्हा निघाले, पुन्हा तोच फणस. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ते समजले, चकवा लागला. मग जुन्या माणसांनी सांगितलेला उपाय त्यांनी केला. खाली बसले आणि उजाडेपर्यंत जागचे हलले नाहीत. सूर्य वर आला तसं घर पाव मैलावर असल्याचं दिसलं.

चकव्याला आपण भूत म्हटलं. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याचे नकाशे काढले. त्यांनी काही लोकांना जर्मनीतल्या बीनवाल्ड नावाच्या घनदाट, सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, जमेल तितकं सरळ चालत राहा. काहींना ट्युनिशियात सहाराच्या वाळवंटात चालवलं. सगळ्यांच्या वाटा जीपीएसने टिपल्या. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलेलं असताना जंगलात चालणारे गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून पुन्हा पुढे गेले, आणि आपण वळलोय हे त्यांना कळलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तर कित्येकदा 20 मीटरपेक्षाही कमी व्यासाची वर्तुळं झाली.

एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असतो म्हणून माणूस वळतो, ही समजूत या प्रयोगाने मोडीत काढली. तसं असतं तर प्रत्येक जण कायम एकाच बाजूला वळला असता. इथे तोच माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होता. ‘सरळ म्हणजे कुठे’ ही जी आतली समज असते, तीच प्रत्येक पावलागणिक थोडी थोडी डळमळते. त्या बारीक चुका एकावर एक साचत जातात आणि सरळपणाची दिशाच सरकते. बाहेरची एखादी स्थिर खूण, मग तो सूर्य असो, डोंगर असो किंवा देवळाचा कळस, ही चूक वेळोवेळी पुसत असते. खूण गेली की चूक साठत राहते.

माझ्या मैत्रिणीने या नैसर्गिक चुकीच्या जागी ठरवून केलेली चूक ठेवली, एवढाच फरक.

तीन साक्षीदार

आपण किती चाललो, कुठल्या बाजूला वळलो, हे थेट सांगणारं एकच एक इंद्रिय आपल्याला नाही. मेंदू अनेकांची साक्ष काढतो आणि त्यावरून निवाडा करतो. त्यातले तिघे महत्त्वाचे.

पहिला साक्षीदार कानाच्या आत बसलेला आहे. फुगडी घातलेल्या प्रत्येकीला त्याची ओळख आहे. प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात, आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. डोकं वळलं की नलिका लगेच वळते, द्रव मात्र मागे रेंगाळतो, आणि वाटेतला एक लिबलिबीत पडदा वाकतो. त्या वाकण्यावरून मेंदूला कळतं की डोकं फिरतंय. पण त्याच वेगाने फिरत राहिलं तर थोड्या वेळात द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. फुगडी एकदम थांबवली की नलिका थांबते, द्रव फिरत राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि अख्खं अंगण गरागरा फिरायला लागतं. म्हणजे हा साक्षीदार वेग सांगत नाही, वेगातला बदल सांगतो. वळण पुरेसं हळू आणि सावकाश वाढणारं असेल, तर तो मुका राहतो. त्याच्या शेजारी सरळ रेषेतला वेगबदल आणि गुरुत्वाकर्षण जाणणारे अवयव आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या जातीचे, बारीक स्फटिक असतात. त्यांचंही तसंच, एका लयीत चाललेली गाडी त्यांना उभ्या गाडीसारखीच.

दुसरा साक्षीदार डोळा. दादरला आपली लोकल उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते, आणि क्षणभर आपलीच गाडी मागे निघाल्यासारखं वाटतं. कान सांगत असतो की काही हललेलं नाही, तरी निवाडा डोळ्याच्या बाजूने लागतो. खिडकीभर दृश्य एकसंधपणे सरकलं की मेंदू सहसा असं धरतो की जग स्थिर आहे आणि मी हलतोय. एरवी हे गृहीत बरोबरच असतं. जग सहसा आपल्याभोवती फिरत नाही.

तिसरा साक्षीदार म्हणजे पाय. स्नायू, सांधे, तळवे, आणि मेंदूने स्वतः पायांना पाठवलेल्या हुकमाची नोंद.

तिघांची साक्ष जुळली नाही तर मेंदू कोणा एकाला खोटं पाडत नाही. जो त्या वेळी जास्त भरवशाचा, त्याच्या शब्दाला तो जास्त वजन देतो आणि सगळ्यांच्या मधला एक निष्कर्ष काढतो. लख्ख उजेडात डोळ्याचं वजन फार भरतं, अंधारात कमी होतं. आणि प्रत्येकाच्या साक्षीत थोडी ढिलाई मेंदूने आधीच गृहीत धरलेली असते. डोळा म्हणतो सरळ, पाय म्हणतात किंचित डावीकडे, कान गप्प आहे, तेव्हा निष्कर्ष निघतो: सरळ. वळवलेली चाल या ढिलाईत राहते. ढिलाई संपली की ती उघडी पडते.

खोली लहान, जग मोठं

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. हेडसेटमध्ये अख्खा किल्ला, शहर, जंगल उभं करता येतं. माणूस मात्र 10 बाय 12 फुटांच्या खोलीत उभा असतो. चार पावलं टाकली की भिंत. म्हणून बहुतेक ठिकाणी हातातल्या कांडीचं बटण दाबून पुढे सरकतात. 1999 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या आणि अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी तिन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या: बटणाने तरंगत जाणं, जागच्या जागी पावलं उचलणं, आणि खरोखर चालणं. खरोखर चालणं सगळ्यांत साधं आणि स्वाभाविक ठरलं, आणि ‘मी इथे आहे’ ही भावनाही खऱ्या चालण्यात तरंगण्यापेक्षा चांगली उतरली. पायांची साक्ष नसेल तर मनाला जागा पटत नाही.

त्याच चॅपल हिलमध्ये शरीफ रझ्झाक, झकरायाह कोन आणि मेरी व्हिटन यांनी 2001 मध्ये वळवलेली चाल मांडली. त्यांच्या प्रयोगात आगीच्या सरावाचं दृश्य होतं. आभासी खोलीत नागमोडी जात भिंतींवरची बटणं दाबायची. लोकांना वाटलं आपण एका लांब खोलीत पुढे पुढे गेलो. प्रत्यक्षात ते छोट्या जागेत येरझाऱ्या घालत होते. प्रत्येक वळणावर दृश्य थोडं जास्त फिरवून संगणक त्यांना परत मागे धाडत होता.

मला हे वाचताना गावच्या तेलघाण्याची आठवण झाली. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली की तो मुकाट्याने त्याच वर्तुळात दिवसभर चालतो. बैलाचं बघणं बंद केलेलं असतं. हेडसेट घातलेल्या माणसाला बघायला भरपूर दिलेलं असतं, फक्त ते खऱ्या वाटेचं नसतं.

संगणकाच्या हातात मुख्यतः तीन कळा असतात. पहिली वळण्याची: तुम्ही खरोखर जितके वळलात त्यापेक्षा दृश्य कमी किंवा जास्त फिरवायचं. दुसरी अंतराची: तुमचं एक मीटर दृश्यात सव्वा मीटर करायचं. तिसरी वक्रतेची, जी माझ्यावर वापरली: सरळ चालणाऱ्याला नकळत वर्तुळावर घालायचं. या कळा किती पिरगाळता येतात, ते माणसाच्या ढिलाईवर अवलंबून.

ढिलाई मोजायची कशी

मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, म्हणून थोडं रेंगाळते.

सोपा मार्ग म्हणजे विचारायचं, ‘तुम्हाला काही जाणवलं का?’ पण हा प्रश्न फसवा आहे. एक जण थोडी शंका आली तरी ‘हो’ म्हणेल, दुसरा खात्री झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही. दोघांची जाण सारखी असून उत्तरं वेगळी येतील. मग आपण माणसाची संवेदना मोजली की त्याचा स्वभाव?

म्हणून दुसरी रीत वापरतात. समजा मी तुम्हाला चहाचे दोन कप दिले आणि विचारलं, जास्त गोड कुठला? ‘दोन्ही सारखे’ हे उत्तर चालणार नाही. फरक कळला नाही तर अंदाजाने एक बोट दाखवायचं. साखरेत काहीच फरक नसेल तर अंदाज निम्म्या वेळा बरोबर येईल, म्हणजे 50 टक्के. फरक भरपूर असेल तर 100 टक्के. मी साखर चिमटी चिमटीने वाढवत गेले तर तुमची बरोबर उत्तरं 50 वरून हळूहळू 100 कडे चढतील. त्या चढणीच्या बरोबर मध्ये, 75 टक्क्यांपाशी, एक खूण करायची. तो तुमच्या जिभेचा उंबरठा. इथे धीट आणि भित्रा यांच्यात फरक उरत नाही, कारण ‘माहीत नाही’ म्हणून सुटता येत नाही.

चालण्याचंही तसंच करतात. माणसाला कधी डाव्या, कधी उजव्या वळणाच्या वाटेवर चालवायचं, वळण कधी सौम्य, कधी तीव्र, आणि क्रम कुठलाही. दृश्यात मात्र प्रत्येक वेळी सरळ वाट. शेवटी एकच प्रश्न: तुमचे पाय डावीकडे वळत होते की उजवीकडे? ‘सरळ’ हे उत्तर नाही. हे परत परत, माणसामागून माणूस.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात फ्रांक श्टाइनिके, गेर्ड ब्रुडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रयोग केले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे आजही या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. दृश्यात जितकं वळल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात 49 टक्के जास्त किंवा 20 टक्के कमी वळवता येतं. म्हणजे तुम्ही काटकोनात वळलो असं समजता, तेव्हा तुमचं शरीर 134 अंश किंवा जेमतेम 72 अंश वळलेलं असू शकतं. अंतर 14 टक्क्यांनी आखडता येतं किंवा 26 टक्क्यांनी ताणता येतं. खोलीत 10 मीटर चालून दृश्यात 12.6 मीटर पोहोचता येतं. आणि सरळ चालतोय असं वाटणाऱ्याला 22 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरवता येतं.

ताणणं जास्त आणि आखडणं कमी खपतं, यामागे एक जुनी गोष्ट असावी. हेडसेटमधली अंतरं माणसाला खरी असतात त्यापेक्षा जवळची वाटतात. जग आधीच थोडं आक्रसलेलं दिसतं, त्यामुळे दृश्य जरा जास्त वेगाने सरकलं तर ते उलट बरोबर वाटायला लागतं.

22 मीटर त्रिज्या म्हणजे प्रत्येक मीटरला 2.6 अंश. घड्याळाच्या तबकडीवर दोन मिनिटखुणांमध्ये 6 अंश असतात. एका पावलात त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी वळण होतं. एवढं बारीक. पण त्या वर्तुळाचा व्यास होतो 44 मीटर, आणि पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब असतं. तीन मैदानं एकापुढे एक ठेवली तरी पुरणार नाहीत. घरच्या खोलीचं तर नावच नको.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण बातम्यांमध्ये ती हमखास चुकते. ‘22 मीटरपर्यंत माणसाला काही कळत नाही’ असं लिहिलं जातं. 75 टक्के बरोबर उत्तरं याचा अर्थ तसा नाही. ढोबळ हिशोब करा. निम्म्या वेळा खरंच कळलं, उरलेल्या निम्म्यात अंदाज बांधला आणि त्यातले अर्धे बरोबर आले, म्हणून 75 झाले. म्हणजे उंबरठ्यावर माणसाला निम्म्या वेळा कळतंच आहे. शिवाय तो माणूस सगळं लक्ष पायांकडे लावून उभा आहे, त्याला त्याच कामाला बोलावलेलं आहे. हा आकडा म्हणजे भिंत नव्हे. एका जागी, एका रीतीने, काही माणसांवर घेतलेलं ते माप आहे.

त्यामुळेच मापं बदलतात. 2016 मध्ये तिमोफी ग्रेचकिन आणि सहकाऱ्यांनी वक्रता पुन्हा मोजली, तेव्हा त्रिज्या 11.6 मीटर आली. मोजण्याची दुसरी रीत लावली तर 6.4 मीटर. शेवटच्या आकड्याचं वर्तुळ 12.8 मीटर व्यासाचं, कबड्डीच्या मैदानाच्या लांबीत जेमतेम बसणारं. सावकाश चालणाऱ्याला वळण कमी जाणवतं, झपझप चालणाऱ्याला जास्त. माझी मैत्रीण म्हणूनच मला सारखी सांगत होती, ‘घाई करू नकोस, बघत बघत चाल.’ मला वाटलं ती माझी काळजी घेतेय. ती मला 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर टिकवत होती.

सवयीचाही परिणाम होतो. वळणावर बराच वेळ चालवत ठेवलं तर माणूस त्या वळणालाच सरळ म्हणू लागतो आणि त्याची मर्यादा सरकते. मेंदू साक्षीदारांना नव्याने जुळवून घेतो. आपला नवा चष्मा दोन दिवसांत अंगवळणी पडतो, तसंच.

पापणी लवते तेवढ्यात

ढिलाई पुरेना तेव्हा संशोधकांनी दुसरीकडे पाहिलं. जेव्हा डोळाच साक्ष देत नसतो, त्या क्षणांकडे.

आरशासमोर उभं राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, मग परत डाव्या. आपले डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी कोणी उभं असेल तर त्याला ते स्पष्ट दिसतील. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते, त्या क्षणी मेंदू दृश्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो, नाहीतर दर उडीला जग पुसट होऊन सरकलेलं दिसलं असतं. पापणी लवतानाही तसंच. मिनिटाला दहा-वीस वेळा काळोख होतो आणि आपल्याला त्याची दखल नसते.

2018 मध्ये सिग्राफ या संगणकीय चित्रणावरच्या एकाच परिषदेत या दोन्ही फटींचा उपयोग करणारी कामं मांडली गेली. एका गटाने नजरेच्या उडीत दृश्य किंचित फिरवलं. दुसऱ्या गटात हांबुर्गचे आयके लांगबेन आणि श्टाइनिके होते. त्यांनी पापणी मिटलेली असतानाचा क्षण साधला आणि दाखवलं की तेवढ्यात 2 ते 5 अंश फिरवलं किंवा 4 ते 9 सेंटिमीटर सरकवलं तरी माणसाला कळत नाही. या युक्त्यांसाठी हेडसेटला तुमच्या डोळ्यांवर सतत नजर ठेवावी लागते.

याहूनही धाडसी प्रयोग 2011 मधला, इव्हान सुमा आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी माणसाला हातच लावला नाही, इमारत बदलली. माणूस आभासी खोलीत शिरून काही कामात गुंतला की त्याच्या पाठीमागचं दार दुसऱ्या भिंतीवर नेऊन ठेवायचं. तो वळतो, दार दिसतं, बाहेर पडतो, आणि बोळातून भलत्याच दिशेला निघतो. दोन प्रयोगांतल्या 77 जणांपैकी ठामपणे हे ओळखलं फक्त एकाने. आपण जागेचा नकाशा मनात जपून ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर बरंचसं आपण जगावरच सोपवलेलं असतं: गरज लागली की वळून बघू.

आणि तरीही भिंत आलीच, तर? मग उघडपणे थांबवायचं. दृश्यात सूचना येते, ‘थांबा, गोल वळा.’ माणूस दृश्यात पूर्ण 360 अंश फिरतो, खोलीत मात्र 180, आणि पाठ भिंतीकडे होऊन पुन्हा चालायला लागतो. घरच्या खोलीत बहुतेक भार याच उपायावर पडतो, आणि तो दर चार पावलांनी आला की मजा संपते. काहींनी सूचनेऐवजी दृश्यात एखादी लक्ष वेधणारी वस्तू उडत आणली. तिच्याकडे बघायला मान इकडून तिकडे फिरते आणि तेवढ्या फिरण्यात जग वळवून घेतात. माणसाला थांबल्यासारखं वाटत नाही.

न कळणं म्हणजे न लागणं नव्हे

वळण ओळखता आलं नाही म्हणजे शरीराने ते झेललं नाही, असं नाही. वक्रता तीव्र केली आणि चालता चालता लोकांना स्मरणशक्तीची कामं दिली, तर त्या कामात चुका वाढतात. कारण चालणं सांभाळायला मेंदू जास्तीचं बळ वापरत असतो, आपल्याला न सांगता. डोळा आणि कान यांची साक्ष फार वेळ जुळली नाही तर मळमळतं. घाटातल्या एसटीत मोबाइल वाचणाऱ्याला होतं तेच, फक्त उलट्या बाजूने: तिथे कान म्हणतो हलतोय आणि डोळा म्हणतो स्थिर, इथे डोळा जास्त बोलतो. कोणाला लवकर त्रास होतो, कोणाला अजिबात नाही. म्हणून एकाच आकड्यावर सगळ्यांना चालवणं मला पटत नाही.

आणखी एक बोच आहे. प्रयोगशाळेत माणूस आधी संमती देतो, शेजारी कोणीतरी उभं असतं, पट्टी चिकटवत का होईना. घरात हेडसेट घालून एकटा चालणारा आपले पाय दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. ज्या युक्तीने भिंतीपासून दूर नेता येतं, त्याच युक्तीने भिंतीकडेही नेता येतं. 2022 मध्ये संशोधकांनी नेमक्या या धोक्यावर, म्हणजे अशा युक्त्या वापरून माणसाला इजा कशी करता येईल यावर, सविस्तर मांडणी केली. माझं मत साधं आहे. माझी चाल वळवली जाणार असेल तर ते मला आधी सांगितलं पाहिजे, आणि ते बंद करण्याचं बटण माझ्या हातात पाहिजे. सांगितल्याने जादू कमी होईल ही भीतीही फारशी खरी नाही. मला सगळं कळल्यावर मी दुसऱ्यांदा चालले, मुद्दाम पायांकडे लक्ष देऊन. बाहेरच्या पायाचा घोटा किंचित जास्त ताणतोय असं सहाव्या-सातव्या पावलाला वाटलं. तरी पट्ट्या पुन्हा डावीकडेच वळलेल्या निघाल्या.

तिसऱ्यांदा मात्र चकवा उतरला. मैत्रिणीने या वेळी कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते. खालच्या रस्त्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. त्याचे घुंगरू मी निघाले तेव्हा डाव्या कानाला वाजत होते. चालता चालता तो आवाज पुढे सरकला आणि बोळाच्या टोकाकडून यायला लागला. दृश्यात तिथे नुसती दगडी भिंत होती. मी थांबले. बोळ अजून सरळच दिसत होता, पण घुंगरांची जागा पक्की होती, आणि तेवढ्या एका खुणेवरून खिडकी, दार, कपाट सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. मी हात वर करून बोट दाखवलं आणि म्हटलं, ‘खिडकी इकडे आहे.’ मैत्रीण म्हणाली, ‘बरोबर. आता हेडसेट काढ आणि मागे बघ.’